पाहुणी बाटली

बाटली आली की त्या प्रयोगशाळेत लगीनघाई सुरू व्हायची. बाटली मुठीत मावेल एवढीच, पण मान विचाराल तर जावयाचा. खोकं दारातून आत आलं की साहेब खुर्चीतून उठायचे, आणि साहेब उठले की बाकीच्यांना बसायची सोय उरायची नाही.

परीक्षा होती ती. पोराबाळांची नव्हे, प्रयोगशाळेची. बाहेरची एक संस्था एकाच पिंपातला द्राक्षाचा रस छोट्या बाटल्यांत भरून ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांना धाडायची. वर नाव नाही, गाव नाही, नुसता क्रमांक. आत अल्कोहोल किती, ते त्या संस्थेलाच ठाऊक. यांनी मोजायचं आणि आकडा कळवायचा. आकडा जुळला तर यांच्या सहीला किंमत. नाही जुळला तर सही केली काय आणि कोंबडीचा पाय उमटवला काय, सारखंच. नियम दोनच होते. बाटलीला रोजच्या नमुन्यांसारखंच वागवायचं, कमी नाही, जास्त नाही. आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत ‘तुमचा किती आला हो?’ म्हणून विचारायचं नाही. पैकी पहिला नियम कागदावर होता आणि कागदावरच राहिला.

ही सही थोरलीची. थोरली म्हणजे दोघी बहिणींतली मोठी. धाकटीही हेच शिकली, हेच काम करते, पण दुसऱ्या शहरात, दुसऱ्या प्रयोगशाळेत, नवऱ्याच्या गावी. थोरलीने लग्न केलं नाही. आई तिच्याजवळ राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “आमच्या थोरलीने मशीनशी लग्न लावलंय. जावई बरा आहे, उलट बोलत नाही, फक्त वीज खातो.”

त्या मशीनचं काम असं. काचेच्या करंगळीएवढ्या कुपीत रस घालायचा, झाकण दाबून पक्कं बसवायचं. मशीन कुपी तापवतं, रसावरची हवा ओढून घेतं आणि पडद्यावर रेघ काढत जातं. हवेत अल्कोहोल असलं की रेघ टेकडीसारखी वर चढते. जेवढी टेकडी, तेवढं अल्कोहोल. रस नुसता ठेवला तरी आंबतो आणि अल्कोहोल धरतो. कुणी ओतावं लागत नाही, न बोलावलेल्या नातेवाइकासारखं आपलं आपण येतं आणि ऐसपैस बसतं. ज्यांना ते धर्माने वर्ज्य आहे ती माणसं हलालचा शिक्का बघून बाटली तोंडाला लावतात. त्या शिक्क्याच्या मागे थोरलीची सही. पिणारा तिला ओळखत नाही, ती पिणाऱ्याला ओळखत नाही, मधे एवढा भरवसा. गिऱ्हाइकांनी एक मर्यादा ठरवून दिली होती. मर्यादेच्या खाली माल बाजारात, वर गेला तर नाल्यात.

आधीच्या खेपेला थोरली नापास झाली होती. तिचा आकडा सगळ्यांहून चढा. कारण सापडलं नाही. मशीन तपासलं, तराजू तपासला, डोळ्यांचा नंबरसुद्धा तपासून घेतला तिने. साहेबांनी मात्र कारण बसल्या जागी शोधलं. “स्वच्छता कमी पडली,” म्हणाले. वर हेही म्हणाले, “बाई, पुन्हा असं झालं तर या तपासणीची मान्यता थांबेल. मग सही दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल मला.”

हा दुसरा कुणी म्हणजे साहेबांचा भाचा. सगळे त्याला भाचेबुवा म्हणायचे. पोरगा वाईट नव्हता. हुशारही होता, पण भात शिजायच्या आधी ताट घेऊन बसणारा. थोरलीच्या खुर्चीच्या पाठीवर त्याने स्वतःचा कोट टांगायला सुरुवातसुद्धा केली होती. थोरली रोज तो कोट काढून खुंटीला लावायची. काही भांडणं अशी खुंटीवरच चालतात.

तर या खेपेची बाटली आली. साहेबांनी आदल्या दिवशीच फर्मान काढलं होतं. पहाटेच उठल्यासारखे डोळे करून ते दारात उभे. थोरली नेहमीप्रमाणे आल्याआल्या आपल्या कामाला लागली. रोजचा तिचा क्रम ठरलेला. आधी नुसत्या पाण्याची कुपी भरून बंद करायची, म्हणजे मशीन खोटं तर बोलत नाही ना ते कळतं. मग माहीत असलेल्या मापाच्या कुप्या. त्या बंद झाल्या की मग नमुने. पाणी झालं, मापं झाली, तेवढ्यात साहेबांनी टाळी वाजवली.

“मावशी, सुरू करा! एक कोपरा सोडू नका.”

मावशी साफसफाईच्या. एरवी साबणाच्या पाण्याचं फडकं मारायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. आज हातात स्पिरिटचा कॅन.

“साहेब, ओटा तर कालच पुसला.”

“तो रोजचा पुसलेला. आज परीक्षेचा पुसा.”

मग काय विचारता! ओटा पुसला, फळ्या पुसल्या, मशीनचं दार पुसलं. भाचेबुवांनी कुप्यांचा ट्रे पुसला, रस ओढून घ्यायची पिपेट पुसली, आणि पुसायला काही उरलं नाही तेव्हा स्वतःचा चष्मा पुसला. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या. थोरलीने हातमोजे घातले, त्यांच्यावर स्पिरिटचा फवारा मारून घेतला, चोळचोळून हात घासले. खोली आरशासारखी लखलखली. मग तिने बाटली उघडली. इतक्या अदबीने, की मावशी म्हणाल्या, “ताई, आत बाळ आहे की काय?”

दुपारी टेकडी उमटली. उंच. मर्यादेच्या खालीच, पण अगदी टेकून. मर्यादा ओलांडली असती तर परत मोजायचा नियम होता. ओलांडली नव्हती, म्हणजे परत मोजायचं कारण नाही. पाण्याच्या कुपीची रेघ सरळ, मापांच्या टेकड्या बरोबर. कुठे बोट ठेवायला जागा नाही. तरी थोरली त्या टेकडीकडे परत परत बघत राहिली. जीभ भाजलेला माणूस दुसऱ्या घोटाकडे बघतो तशी. आकडा तिने लिहून ठेवला. कळवायला अजून अवधी होता.

त्याच संध्याकाळी धाकटी आणि तिचा नवरा घरी आले. नवऱ्याचं इकडे काम निघालं होतं. आईने दिवसभर घर डोक्यावर घेतलेलं. पडदे बदलले, उशांचे अभ्रे बदलले, वरच्या फळीवरचे काचेचे ग्लास काढून घासले. एकदा घासले, परत घासले, साबणाचा फेस करून तिसऱ्यांदा घासले.

“अगं आई, ते ग्लास वापरातच नाहीत. मळतील कशाला?” थोरली म्हणाली.

“तू गप. घरच्या ग्लासात पाणी दिलं तर जावयाला काय वाटेल?”

“तहान भागली असं वाटेल.”

“जीभ कुणाची घेतलीस गं तू?”

“तुझीच. बाजारात मिळत नाही असली.”

जावई आले, बसले. आईने ट्रेमधून पाणी आणलं. त्यांनी एक घोट घेतला आणि चेहरा असा केला, की हसावं का गिळावं ते कळेना. गरीब माणूस, गिळलं.

धाकटीने त्यांच्या हातातला ग्लास घेऊन हुंगला. “आई! साबण आहे नुसता.”

“साबण असेल तर चांगलंच आहे. स्वच्छ आहे म्हणून वास येतो.”

जावई म्हणाले, “आई, मी मागच्या वेळी न कळवता आलो होतो ना, तेव्हाचं पाणी फार गोड होतं हो.”

“तेव्हा घरचा ग्लास दिला होता तुम्हाला, घाईत. अजून मनाला लागून आहे माझ्या.”

सगळे हसले. थोरली हसता हसता थांबली. स्वच्छ आहे म्हणून वास येतो. तिच्या डोळ्यांपुढे मावशींच्या हातातला कॅन आला. स्पिरिट म्हणजे तरी काय? अल्कोहोलच की. सकाळी पाण्याची कुपी बंद झाली ती फडकं फिरायच्या आधी. मापंही आधीच. बाटली उघडली ती त्या वासाने भरलेल्या बंद खोलीत, फवारा मारलेल्या हातांनी. मशीन खरंच बोलत होतं. अल्कोहोल होतंच तिथे. फक्त ते पाहुण्याने आणलं नव्हतं, यजमानांनी वाढलं होतं.

ती सुटकेचा श्वास घेणार, एवढ्यात आईने घोटाळा केला. आईला गुपित पोटात ठेवणं कधी जमलं नाही. ती म्हणायची, पोट अन्नासाठी असतं.

“हो गं थोरले, तुमच्या त्या परीक्षेच्या बाटलीचं काय झालं? धाकटीचं बघ कधीच आटोपलं. फोनवर सांगत होती, तिच्या बाटलीत नावालाच निघालं, मर्यादेच्या पार तळाशी.”

“आई!” धाकटी ओरडली. “ताईसमोर बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना मी?”

“बहिणीबहिणींत कसलं गं सोवळं? एका ताटात जेवलात तुम्ही.”

“ताट वेगळं, बाटली वेगळी,” धाकटी म्हणाली आणि थोरलीकडे बघून ओठ चावला. “ताई, तू ऐकलं नाहीस असं समज.”

थोरलीने रिकामे ग्लास उचलले. “हात धुता येतात गं,” ती म्हणाली. “कान कसे धुवायचे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मावशींना दारातच गाठलं. कोपऱ्यातल्या भांड्यातलं साधं पाणी घेतलं, एक कुपी भरून बंद केली. मग म्हणाली, “मावशी, काल पुसलंत तसं पुसा. परीक्षेचं.”

“आज परत कुठला पाहुणा?”

“पाहुणा नाही. पाहुणचार बघायचाय.”

मावशींनी पुसलं. थोरलीने खिडक्या लावल्या, मोज्यांवर फवारा मारला, पिपेट पुसली, आणि त्याच भांड्यातलं तेच पाणी दुसऱ्या कुपीत भरलं. दोन्ही कुप्या मशीनला दिल्या. पहिलीची रेघ सपाट. दुसरीवर टेकडी. नुसत्या पाण्याला दारू चढली होती.

साहेब आले तेव्हा तिने दोन्ही रेघा पुढे ठेवल्या. साहेबांनी त्या आलटूनपालटून बघितल्या. ते मूर्ख नव्हते. शिकलेला माणूस आपल्याच हुकमात पाय अडकून पडला की उठायला जरा वेळ घेतो, इतकंच.

“म्हणजे मागची खेपसुद्धा?”

“तेव्हाही पुसून घेतलं होतंत. थोडं कमी.”

साहेब टेकले. मग एकदम उजळले. “अहो मग अडलंय कुठे? बाटली अर्धी उरलीय ना? खिडक्या उघडा, परत मोजा आणि तो आकडा पाठवा. सुंठीवाचून खोकला गेला!”

“नाही जमणार.”

“का?”

“काल घरी दुसरीकडचा आकडा माझ्या कानावर पडला. मुद्दाम नाही विचारला, पण पडला. मोजायचं कारण सापडलं तेही त्याच बैठकीत. आता परत मोजलं तर कारणासाठी मोजलं की आकड्यासाठी, हे माझं मलाच सांगता येणार नाही. मग दुसऱ्याला काय सांगू?”

भाचेबुवा कोपऱ्यातून म्हणाले, “मग मी मोजतो. मी कुठे काही ऐकलंय?”

“आत्ता नाही का ऐकलंत, की काहीतरी ऐकण्यासारखं आहे? उंच टेकडी कालपासून पडद्यावर आहे, भाचेबुवा. तुम्हाला बुटकी काढायचीय हे तुम्हालाही कळलंय.”

साहेबांचा आवाज चढला. “बाई, तुमच्या नाकासाठी प्रयोगशाळेचं नाक कापू नका! कोण विचारणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मुठीत रसवाले पण आहेत, साहेब,” थोरली म्हणाली.

रसवाले साहेबांचं जुनं गिऱ्हाईक. दोन भाऊ, एक विकायचा, एक कढई सांभाळायचा. विकणारा भाऊ एकदा प्रयोगशाळा बघायला स्वतः आला होता. गिऱ्हाईक येणार म्हणून साहेबांनी खोली अशीच पुसून घेतली होती. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत मोजलेला नमुना मर्यादेच्या वर गेला. परत मोजला, परत वर. लगेच परत मोजला म्हणजे त्याच खोलीत, त्याच हातांनी. त्याने सगळा घाणा नाल्यात ओतला आणि घरी जाऊन कढईवाल्या भावाला नको नको ते बोलला. तेव्हापासून भावाभावांत अबोला. हे त्याने स्वतःच थोरलीला सांगितलं होतं, कौतुकाने, की बघा, धर्मापुढे मी भावाला बघितलं नाही.

“बुटका आकडा पाठवला आणि गप्प बसले,” थोरली म्हणाली, “तर तो भाऊ कायमचा चोर राहील. आणि मी सही कशावर करू? पिणाऱ्याला काय माहीत खोली कधी पुसली ते.”

तिने पहिलाच आकडा पाठवला. उंच टेकडीचा. सोबत सरळ लिहिलं: बाटलीला रोजच्यासारखं वागवलं नाही, स्पिरिटने खोली पुसून तिथे उघडली, पाण्यावर करून बघितलं तर पाण्यातही तेच आलं, दुसऱ्या प्रयोगशाळेचा अंदाज कानावर आल्यामुळे परत मोजलं नाही. साहेबांनी सही करायला पेन तीनदा उचललं आणि ठेवलं. चौथ्यांदा केली. सुटका नाही असं दिसलं की माणूस शहाणा होतो. उशिरा का होईना.

रसवाल्यांना, म्हणजे त्या विकणाऱ्या भावाला, थोरलीने बोलावून घेतलं. खुर्ची दिली. खोली पुसली नव्हती, ओट्यावर कालच्या डागाचं वर्तुळ तसंच होतं. तिने घडलं ते सांगितलं.

“म्हणजे दारू तुमच्या घरात होती,” शेवटी ते म्हणाले.

“हो.”

“आणि मी माझं घर झाडत बसलो.”

“हो.”

“मॅडम, माल गेला तो गेला. माल परत कढतो.” ते उठले. टोपी हातात घेऊन दारापाशी थांबले. “पण भावाला मी जे बोललो ते कुठल्या नाल्यात ओतू, ते तुमच्या मशीनला विचारा.”

थोरलीने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

निकाल लागला. नापास. हलाल पेयांच्या तपासणीची मान्यता थांबली, पुढच्या बाटलीचा आकडा बरोबर येईपर्यंत. थांबलेल्या कामाला सही कसली? त्यामुळे ती भाचेबुवांकडेही गेली नाही. त्यांनी कोट मात्र खुंटीला लावायला सुरुवात केली, आपण होऊन. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. थोरली पाणी तपासू लागली, तेल तपासू लागली, मिळेल ते. रसवाले परत आले नाहीत. त्या दोघा भावांचं काय झालं, ते तिला कळलं नाही. तिने विचारलंही नाही.

धाकटी पास झाली. फोनवर रडली ती, थोरली नव्हे.

“ताई, आईच्या त्या तोंडाने घात केला.”

“घात नाही गं. आईने दोन गोष्टी दिल्या, कारण आणि आकडा. कारण मी घेतलं, आकडा परत केला.”

आई शेजारीच बसली होती. “माझ्याच नावाने चाललंय ना?” म्हणाली. “बोला, बोला. आई मेल्यावर कळेल, बातम्या कोण देत होतं ते.”

पुढच्या खेपेची बाटली आली तेव्हा साहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. मावशी स्पिरिटचा कॅन घेऊन दारात आल्या.

“ताई, ह्याचं काय करू?”

“तो कुलपात ठेवा. आणि बाटली तेलाच्या नमुन्यांशेजारी ठेवा, त्याच ट्रेमध्ये.”

“तेलकट होईल की.”

“बाहेरून होऊ दे.”

खिडकी उघडी होती. बाहेर कुणीतरी मोटार धूत होतं. थोरलीने तेलाचे तीन नमुने उरकले, मग बाटली घेतली, तिच्यानंतर पाण्याचा एक नमुना घेतला. दुपारी टेकडी उमटली. मध्यम. तिने आकडा लिहिला, पाठवला आणि डबा खायला गेली. परीक्षा घेणाऱ्यांचा कागद आला तेव्हा साहेबांनी तो सगळ्यांसमोर वाचला. आकडा बरोबर होता. भाचेबुवांनी टाळ्या वाजवल्या, जरा मोठ्यानेच. थोरलीने सहीचं पेन खिशाला लावलं आणि पहिला प्रश्न विचारला, “रसवाल्यांना कुणी कळवलं का?”

“कळवू,” साहेब म्हणाले. “येतील की नाही, सांगता येत नाही.”

“कळवा. यायचं त्यांनी ठरवावं.”

त्या आठवड्यात धाकटी आणि जावई परत आले. आई वरच्या फळीला हात घालायच्या आत थोरलीने माठाजवळचा रोजचा ग्लास भरला आणि जावयाच्या हातात दिला. कड जरा घासलेली, तळाला जुना ओरखडा.

आईचा चेहरा उतरला. “अगं, हा कुठला ग्लास दिलास? माणसं बघ जरा.”

“राहू दे, आई. हा पास झालाय.”

जावई गटागट प्यायले आणि ग्लास पुढे केला. “अजून आहे?”

आईने ग्लास हिसकावून घेतला, आत नाक घालून हुंगला, कशाचाच वास आला नाही तशी अजूनच चिडली, आणि भरून आणायला आत गेली.